चहात मुरलेली अंडी



अंडे उकडायला काय शिकायचे, असे कोणीही म्हणेल. पातेल्यात पाणी घेतले, अंडी सोडली, चूल पेटवली, की झाले. पण चीन देशात हेच अंडे चहाच्या पाण्यात मुरवतात. त्याला वास येतो, रंग येतो, चव येते. सोलले की पांढऱ्या अंड्यावर तपकिरी रेघांची जाळी दिसते. जणू कोणी बारीक काडीने नक्षी काढली आहे. खर्च बेताचा, सामान थोडे आणि करायला सोपे.

या पाठात आपण दोन पदार्थ शिकू. पहिला पदार्थ म्हणजे कवचासकट मुरवलेले चहाचे अंडे. दुसरा म्हणजे सोलून मसाल्याच्या रसात शिजवलेले अंडे. शिकता शिकता आपण मापे वाचू, वेळ मोजू आणि शिजलेले अन्न कसे बिघडते तेही समजून घेऊ. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. अंडे अंगी लागते हे खरे. पण हयगय झाली तर तेच अंडे घरातल्या पोराबाळांना आजारी पाडते.

ज्यांच्या घरी अंडे चालत नाही त्यांनी हा पाठ माहिती म्हणून वाचावा. खाणे न खाणे ज्याच्या त्याच्या मनावर आहे. वाचायला मात्र कोणाची हरकत नसावी.

१. हा पदार्थ कोठला?

चिनी भाषेत या अंड्याला ‘छा-ये-तान’ म्हणतात. ‘छा’ म्हणजे चहा, ‘ये’ म्हणजे पान आणि ‘तान’ म्हणजे अंडे. चहापानाचे अंडे, असा सरळ अर्थ झाला.

आपला ‘चहा’ हा शब्ददेखील मुळात चिनी आहे. तो देशोदेशी फिरत आपल्याकडे आला. खेड्यात आपण ‘चा’ म्हणतो. शिकलेले लोक त्याला हसतात. पण पाहा, मूळ चिनी उच्चाराला आपला ‘चा’च जास्त जवळचा आहे!

जगात सर्वांत जास्त अंडी चीनमध्ये निघतात. तेथे चहाची अंडी हा गोरगरिबांचा आणि वाटसरूंचा खाऊ आहे. रस्त्याच्या कडेला, रेल्वे स्टेशनाबाहेर, रात्रीच्या बाजारात विक्रेते मोठे पातेले मंद आचेवर ठेवून बसतात. पातेल्यात काळसर रस आणि त्यात तडे गेलेली अंडी असतात. वास दूरवर जातो. गिऱ्हाईक आले की झाऱ्याने अंडे काढून द्यायचे. चीनच्या शेजारी तैवान नावाचे बेट आहे. तेथे रात्रंदिवस उघडी राहणारी छोटी दुकाने गल्लोगल्ली आहेत. त्या दुकानांतही विजेच्या भांड्यात चहाची अंडी गरम ठेवलेली असतात.

सणावारीही अंड्याला मान आहे. शांघाय शहराच्या आसपासच्या मुलखात चिनी नववर्षाला पाहुण्यांपुढे चहाची अंडी ठेवतात. जुन्या काळी चीनमध्ये सोन्याच्या होडीसारख्या लगडी असत. तपकिरी-सोनेरी अंडे म्हणजे तशी लगड, असे मानतात. पाहुण्याच्या घरी लक्ष्मी यावी, अशी त्यामागे भावना असते.

त्याच भागात मे महिन्याच्या ५-६ तारखेच्या सुमारास उन्हाळा लागल्याचा दिवस पाळतात. त्या दिवशी मुलांना उकडलेली अंडी देतात. कोणी ती चहाच्या पानांबरोबर उकडतात, तर कोणी अक्रोडाच्या टरफलांबरोबर. मुले रंगीत दोऱ्याच्या जाळीत अंडे घालून गळ्यात अडकवतात. मग दोघे जण अंड्यावर अंडे आपटून झुंज लावतात. ज्याचे कवच फुटले तो हरला. हरलेल्याने रडायचे कारण नाही. फुटलेले अंडे तो खाऊन टाकतो!

२. एक म्हण

चहाच्या अंड्यावरून चीनमध्ये एक म्हण निघाली, तीही ऐका. चीनच्या सरकारने १९७८ पासून धंद्यावरचे जुने निर्बंध हळूहळू सैल केले. लहान लहान लोक स्वतःचे दुकान, स्वतःची गाडी लावू लागले. १९८० नंतरच्या दहा वर्षांत अशा विक्रेत्यांच्या हाती बरा पैसा येऊ लागला. सरकारी पगारावरच्या शास्त्रज्ञांचे आणि शिक्षकांचे पगार मात्र तुटपुंजेच राहिले. तेव्हा लोक म्हणू लागले की, क्षेपणास्त्र बनवणाऱ्यापेक्षा चहाची अंडी विकणारा बरा.

यात शब्दाची गंमत आहे. चिनी भाषेत क्षेपणास्त्राच्या नावात जो ‘तान’ येतो आणि अंड्याला जो ‘तान’ म्हणतात, त्यांचा उच्चार एकच. म्हणजे एक ‘तान’ बनवणारा उपाशी आणि दुसरा ‘तान’ विकणारा सुखी, असा टोमणा त्यात होता.

आमच्या मते या म्हणीत अंडेवाल्याला कमी लेखण्याचे कारण नाही. तोही पहाटे उठतो आणि दिवसभर आचेपाशी उभा राहतो. कष्टाचा पैसा त्याने घेतला, तर बिघडले काय? राग यायचा तर तो विद्येची किंमत न ठेवणाऱ्या व्यवहाराचा यावा. देशाला दोघेही हवेत. आणि विद्येचा उपयोग अंडे शिजवतानादेखील होतो. कसा, ते आता पाहू.

३. दोनशे वर्षांपूर्वीचे लिहिलेले माप

चीनमध्ये युआन मेई नावाचा एक मोठा कवी होऊन गेला. त्याचा जन्म १७१६ चा. काही वर्षे त्याने सरकारी अधिकारी म्हणून काम केले. पुढे ती चाकरी सोडून तो नानजिंग शहरात आपल्या बागेत राहू लागला. त्याला चांगल्या खाण्याची आवड होती. कोणाच्या घरी जेवण आवडले की तो आपल्या आचाऱ्याला त्या घरी पाठवी. आचाऱ्याने तेथे गुरूपाशी शिष्य बसतो तसे बसावे आणि तो पदार्थ शिकून यावा, असा त्याचा दंडक होता. असे त्याने चाळीस वर्षे केले. मग ते सारे लिहून काढले. त्याचे पाककृतींचे पुस्तक १७९२ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्या पुस्तकात चहाच्या अंड्यांची कृती आहे. ती अगदी चार ओळींची आहे. अंडी शंभर असतील तर मीठ एक ‘ल्यांग’ घ्यावे. ल्यांग हे चिनी वजन आहे. त्या काळचा एक ल्यांग म्हणजे आजचे सुमारे ३७ ग्रॅम. चहा जाडाभरडा घ्यावा. अंडी पन्नास असतील तर मीठ निम्मे करावे. कमी-जास्त अंड्यांना त्याच हिशेबाने कमी-जास्त मीठ घ्यावे. आणि वेळ किती? दोन उदबत्त्या जळून संपेपर्यंत.

पाहा, त्या काळी घरोघरी घड्याळ नव्हते. पण वेळ मोजल्यावाचून भागत नव्हते. म्हणून उदबत्तीचे घड्याळ केले. भारी चहा घ्या, असेही तो म्हणत नाही. हलका, जाडाभरडा चहाच या कामाला लागतो.

त्या काळी अशा कितीतरी घरांत कितीतरी सुगरणी असतील. त्यांच्या हातची चव त्यांच्याबरोबर गेली. हे माप मात्र कागदावर उतरले, म्हणून आज आपल्यापर्यंत आले.

४. लागणारे जिन्नस

आता आपल्या कामाला लागू. आज चीनमध्ये या रसात मिठाबरोबर सोया सॉस आणि मसालाही घालतात. पुढील माप सहा अंड्यांचे आहे.

अंडी : ६
पाणी : पाऊण लिटर
चहाची पत्ती : २ मोठे चमचे
सोया सॉस : ३ मोठे चमचे
मीठ : १ लहान चमचा
खडीसाखर किंवा साधी साखर : १ लहान चमचा
बाद्यान : २ फुले
दालचिनी : बोटभर लांबीचा १ तुकडा
आले : २ चकत्या
तिरफळे : ४ किंवा ५ (नसली तरी चालेल)

मोठा चमचा म्हणजे जेवणाचा. लहान चमचा म्हणजे चहात साखर ढवळतो तो. दोन्ही सपाट भरावेत, शीग लावू नये.

या जिनसांविषयी थोडे सांगतो.

चहा : पानाचा चहा उत्तम. आपल्याकडे बारीक दाण्याचा चहा मिळतो. त्याला रंग लवकर सुटतो आणि तो कडूही लवकर होतो. म्हणून तो एकच मोठा चमचा घ्यावा आणि स्वच्छ फडक्यात पुरचुंडी बांधून सोडावा. दूध मुळीच घालायचे नाही.

सोया सॉस : हा सोयाबीनपासून करतात. आपल्या विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनची शेते पुष्कळ आहेत. आपण ते तेलाच्या गिरणीला घालतो. चिनी लोक सोयाबीन शिजवून त्यात गहू मिसळतात. त्यावर एक खास बुरशी चढू देतात. मग ते खाऱ्या पाण्यात कित्येक महिने आंबवतात. त्यातून जो काळा खारट रस निघतो तो सोया सॉस. चिनी घरांत याचे दोन प्रकार असतात. पातळ असतो तो खारटपणासाठी आणि दाट-काळा असतो तो रंगासाठी. आपल्याकडे बहुधा एकच बाटली असते, तेवढी पुरे. बाटली घेताना तिच्यावरची तारीख वाचावी. हा सॉस फार खारट असतो, हेही ध्यानात ठेवावे. ज्यांना गहू सोसत नाही त्यांनी तो टाळावा.

बाद्यान : याला चक्रीफूल असेही म्हणतात. आपल्या मसाल्यात आपण ते घालतोच. ते मूळचे चीनच्या दक्षिण भागातले आणि व्हिएतनामचे. तेथील ग्वांगशी प्रांतात त्याच्या मोठ्या बागा आहेत.

तिरफळ : चिनी लोक येथे एक लालसर, जिभेला झिणझिण्या आणणारे मिरे वापरतात. ते सच्वान प्रांताच्या नावाने ओळखले जाते. बाजारातल्या गाडीवर ‘शेजवान’ चटणी मिळते ना? तो शब्द या सच्वानचाच. हे मिरे आपल्या कोकणातल्या तिरफळाचे भाऊबंद आहे. बांगड्याच्या आमटीत घालतात तेच तिरफळ. तिरफळातले काळे बी काढून टाकावे आणि नुसती साले घ्यावीत.

५. अंडे पारखून घ्या

खोलगट भांड्यात पाणी घ्या. अंडे हळूच सोडा. तळाशी आडवे पडले तर ते ताजे. तळाशी उभे राहिले तर ते काही दिवसांचे आहे, पण वापरता येईल. वर तरंगले तर घेऊ नका.

असे का होते? अंड्याच्या कवचाला डोळ्यांना न दिसणारी हजारो बारीक छिद्रे असतात. त्यांतून आतला ओलावा हळूहळू बाहेर जातो आणि हवा आत येते. जसजसे अंडे जुने होते तसतशी आतली हवेची पोकळी वाढते. म्हणून ते पाण्यात वर येऊ पाहते.

आधीच तडा गेलेले अंडे या कामाला घेऊ नये. तडा आपण घालणार आहोत, पण तो शिजवल्यावर. अंड्याला घाण लागली असेल तर शिजवण्याच्या आधी धुवावे. कच्ची अंडी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. कोंबडीच्या विष्ठेतून रोगजंतू कवचावर येतात, म्हणून ही काळजी.

६. कृती

पहिली पायरी. पातेल्यात अंडी ठेवा. ती बुडून वर दोन बोटे येईल इतके थंड पाणी घाला. चुलीवर ठेवा. उकळी आली की आच कमी करा आणि घड्याळ पाहून १० मिनिटे उकडा.

दुसरी पायरी. गरम पाणी ओतून द्या. अंडी थंड पाण्यात ५ मिनिटे ठेवा. हे पाणी पिण्याचे, स्वच्छ असावे. गार होताना अंडे छिद्रांतून थोडेसे पाणी आत ओढून घेते. घाण पाणी असेल तर घाणही आत जाईल.

तिसरी पायरी. अंडे हातात धरा. चमच्याच्या पाठीने सगळीकडून हलकेच ठोका. कवचाला बारीक बारीक तडे जाऊ द्या, पण कवच निखळू देऊ नका. येथे घाई करू नये. जोरात ठोकले तर कवच गळून पडेल आणि नक्षी उठणार नाही. फार हळू ठोकले तर रस आत शिरणार नाही. पहिले अंडे बिघडले तर बिघडू द्या. दुसऱ्याला हात बसतो.

चौथी पायरी. पातेल्यात पाऊण लिटर पाणी घ्या. चहा, सोया सॉस, मीठ, साखर आणि मसाला घाला. उकळी येऊ द्या. मग तडे दिलेली अंडी अलगद सोडा. अंडी रसात बुडाली पाहिजेत. म्हणून अरुंद पातेले घ्यावे.

पाचवी पायरी. आच मंद करा. मोठ्या उकळ्या नकोत. एखाददुसरा बुडबुडा वर येत राहावा, इतकीच आच ठेवा. झाकण ठेवून ४० मिनिटे मुरू द्या. रस आटला तर उकळते पाणी घाला.

सहावी पायरी. चव-रंग आणखी हवा असेल तर त्याच मंद आचेवर आणखी तासभर ठेवा. मग अंडे काढा, सोला आणि गरम गरम खा. लहान मुलांना चिरून, बारीक तुकडे करून द्या.

एक गोष्ट ध्यानात घ्या. अंडी सहाऐवजी बारा केली तर चहा, मीठ, सॉस दुप्पट घ्यावे. पण वेळ दुप्पट करायची नाही. पाणी एकदा उकळू लागले की सहा अंड्यांना जेवढी मिनिटे लागतात तेवढीच बारांनाही लागतात. मापे वाढतात, मिनिटे वाढत नाहीत.

७. असे का होते?

नक्षी कशी उमटते? जेथे तडा आहे तेथून काळा रस आत झिरपतो आणि तेवढाच भाग रंगतो. जेथे कवच अखंड आहे तेथे अंडे फिकट राहते. म्हणून जाळी दिसते. जसे तडे तशी नक्षी. दोन अंड्यांची नक्षी कधी सारखी नसते.

चव कशी येते? मीठ आणि मसाल्याचा अर्क हळूहळू आत जातो. त्याला वेळ लागतो. आच वाढवली म्हणून तो लवकर जात नाही. उलट अंडे आदळून फुटते.

कधी कधी पिवळ्या बलकाभोवती हिरवट-काळे कडे दिसते. ते पाहून काही जण अंडे नासले समजतात. तसे नाही. अंडे जास्त वेळ शिजले की पांढऱ्या भागातले गंधक आणि बलकातले लोह एकत्र येतात. त्यातून तो रंग तयार होतो. त्याने काही अपाय नाही. फार वेळ शिजले की पांढरा भाग थोडा चिवटही होतो. चिनी लोकांना तो तसाच आवडतो.

एका अंड्याचे वजन साधारण ५० ग्रॅम असते. त्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. वाढत्या मुलांना प्रथिने हवीतच. चहात मुरवल्याने ती कमी होत नाहीत. मीठ मात्र वाढते. दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून मोठ्या माणसाने ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभराहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी ही अंडी बेतानेच खावीत. पातेल्यातला रस भातावर ओतून घेऊ नये.

८. दुसरा पदार्थ : सोलून शिजवलेली अंडी

चिनी भाषेत यांना ‘लू-तान’ म्हणतात. ‘लू’ म्हणजे सोया सॉस आणि मसाल्याचा रस. त्यात पदार्थ मंद आचेवर शिजवायचा. येथे कवच ठेवायचे नाही. अंडी आधी उकडून, सोलून घ्यायची. त्यामुळे नक्षी उठत नाही. सगळे अंडे एकसारखे तपकिरी होते.

सहा अंड्यांना दोन पेले पाणी घ्या. चार मोठे चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा साखर, एक बाद्यान, दालचिनीचा तुकडा, आल्याच्या दोन चकत्या, लसणीच्या तीन पाकळ्या आणि थोडी कांद्याची पात घाला. येथे वेगळे मीठ घालू नका, सॉसचे पुरते. रसाला उकळी आली की सोललेली अंडी सोडा. मंद आचेवर २० ते ३० मिनिटे ठेवा. अधूनमधून अंडी हलकेच फिरवा, म्हणजे रंग सगळीकडे सारखा बसेल. ही अंडी अर्धी चिरून गरम भाताबरोबर खातात.

एक सोपी युक्ती सांगतो. अगदी आजचे ताजे अंडे उकडले तर सोलताना कवच चिकटते. आठवडाभराचे अंडे छान सोलले जाते.

तैवान बेटाच्या उत्तरेला तामसुई नावाचे बंदराचे गाव आहे. तेथे अशीच अंडी पुन्हा पुन्हा रसात शिजवतात आणि पुन्हा पुन्हा वाऱ्यावर वाळवतात. शेवटी ती आकसून लहान, काळी आणि चिवट होतात. त्यांना ‘लोखंडी अंडी’ म्हणतात. गोष्ट अशी सांगतात की, पावसाळी दिवसांत एका विक्रेत्याकडे गिऱ्हाईक येईना. तीच अंडी परत परत शिजवावी लागली आणि समुद्राच्या वाऱ्याने ती सुकली. लोकांना ती आवडली. पुढे तोच त्या गावाचा नावाजलेला खाऊ झाला. आपण मात्र हा प्रयोग घरी करू नये. का, ते पुढे पाहा.

९. कोमट भांडे धोक्याचे

आता सर्वांत महत्त्वाचा भाग आला. तो सावकाश वाचा. घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

पुष्कळ जण सांगतात की, चहाची अंडी रात्रभर रसात ठेवली की चव चांगली मुरते. हे खरे आहे. पण कोठे ठेवायची? चुलीशेजारी कोमट पातेल्यात ठेवली तर रोगजंतूंचे फावते. रोगजंतूंना फार थंड सोसत नाही आणि फार गरमही सोसत नाही. कोमट मात्र फार मानवते. अशा उबेत काही जंतू २० मिनिटांत एकाचे दोन होतात. पुढच्या २० मिनिटांत दोनाचे चार. तासाभरात आठ. रात्र सरेपर्यंत किती होतील, याचा हिशेब तुम्हीच करा.

कोणी विचारील, अंडे तर उकडले होते, मग जंतू आले कोठून? उकडल्याने आधीचे जंतू मरतात. पण नंतर हाताने, चमच्याने, माशीने नवे येतात. अखंड कवच हे अंड्याचे चिलखत आहे. चहाच्या अंड्याला आपण मुद्दाम तडे दिलेले असतात. म्हणजे चिलखत फोडलेले असते. सोललेल्या अंड्याला तर तेही नसते.

वास आला नाही, चव बदलली नाही, म्हणजे अन्न चांगलेच आहे, असे धरून चालू नये. रोग आणणारे जंतू पुष्कळदा वास येऊ देत नाहीत.

म्हणून तीनच नियम पाळावेत.

पहिला नियम. खायचे होईपर्यंत पातेले आचेवर ठेवा. रसातून वाफ निघत राहिली पाहिजे. चीनमधला विक्रेता दिवसभर विस्तव विझू देत नाही. त्यात चव आहे तसेच शहाणपणही आहे.

दुसरा नियम. उरलेली अंडी फ्रीजमध्ये ठेवायची असतील तर आच बंद केल्यापासून दोन तासांच्या आत ठेवा. कडक उन्हाळा असेल तर एका तासाच्या आत. पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवले तर लवकर निवते. फ्रीजमध्ये रात्रभर मुरू द्यावीत. तीन-चार दिवसांत संपवावीत. खाताना रसासकट पुन्हा चांगली उकळी आणावी.

तिसरा नियम. घरी फ्रीज नसेल तर जेवढी खायची तेवढीच करा. आचेवरच जास्त वेळ मुरवा आणि त्याच बैठकीला संपवा. उरलेला रस टाकून द्या. चिनी आचारी तोच रस पुन्हा पुन्हा वापरतात हे खरे. पण ते तो गाळतात, रोज उकळतात आणि नीट थंड ठेवतात. तेवढी सोय नसेल तर रसाचा लोभ नको. चार चमचे सॉस गेला तर जाऊ द्या.

इतके करूनही कोणाला जुलाब, उलट्या, ताप झाला तर मीठ-साखरेचे पाणी देत राहावे आणि वेळ न घालवता दवाखान्यात न्यावे. लहान मूल आणि म्हातारे माणूस यांच्या बाबतीत तर मुळीच थांबू नये.

१०. वहीत लिहा

युआन मेईने माप लिहून ठेवले, म्हणून आपण ते वाचले. आता तुम्हालाही लिहिता येते. तुमच्या घरी आजी, आई, मावशी कोणता ना कोणता पदार्थ उत्तम करतात. त्या ‘अंदाजाने’ करतात. तो अंदाज त्यांच्या हातात आहे, कागदावर नाही. एकदा त्यांच्याशेजारी बसा. मूठ टाकण्याआधी ती मूठ चमच्याने मोजा. चूल पेटल्यावर घड्याळ पाहा. आणि लिहून काढा. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. माप बरोबर पाहिजे.

स्वाध्याय

१. सहा अंड्यांना तीन मोठे चमचे सोया सॉस लागतो. अठरा अंड्यांना किती लागेल?

२. युआन मेईच्या हिशेबाने शंभर अंड्यांना एक ल्यांग मीठ लागते. पंचवीस अंड्यांना किती? ग्रॅममध्ये ते सुमारे किती होईल?

३. सहा अंड्यांऐवजी बारा अंडी उकडायची आहेत. उकळी आल्यावर किती मिनिटे ठेवाल? का?

४. चहाचे अंडे आणि लू अंडे यांत फरक काय?

५. एका घरी अंडी संध्याकाळी सात वाजता केली. पातेले चुलीशेजारी तसेच राहिले. सकाळी सहा वाजता मुलांना ती द्यावीत का? कारण लिहा.

६. घरातल्या एका पदार्थाची कृती वहीत लिहा. आधी जिन्नस आणि मापे लिहा. मग पायऱ्या लिहा. शेवटी वेळ लिहा. लिहिलेले शेजाऱ्याला वाचायला द्या. त्याला त्यावरून पदार्थ करता आला, तर तुमचे लिहिणे बरोबर झाले.